व्हॉल्व्हला टिचकी

दादाचा अँप्लिफायर चांगला सागवानी खोक्यात बसवलेला होता, पण आई त्याला डबाच म्हणायची. दादा, माझा थोरला भाऊ, हवाईयन गिटार वाजवायचा, ती मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती. अंधेरीच्या एका स्टुडिओत पार्श्वसंगीताच्या वादकांमध्ये त्याला खुर्ची मिळाली होती, आणि ती मिळाल्याबरोबर त्याने ऑफिसातली कारकुनी सोडली. बाबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. जे काही सांगायचं ते आईमार्फत. मी तेव्हा कॉलेजात होते आणि दादाचं इतकं कौतुक सांगत सुटायची, की मैत्रिणी मला लांबून पाहूनच दुसरा विषय काढायच्या.

डब्याच्या पाठीमागे काचेचे व्हॉल्व्ह होते. बटण दाबलं की ते सावकाश तांबूस व्हायचे आणि मगच आवाज यायचा. आमच्या घरात बांगडी फुटत नसे, वाढत असे, आणि दिवाही कधी विझत नसे. आईने हाच नियम व्हॉल्व्हलाही लावला होता. एखादा पेटला नाही, की ती हातातली पळी तशीच घेऊन यायची आणि सांगायची, "कडेचा वाढला बघ रे." अशुभ नको म्हणून ती किती जपायची, ते आता आठवलं की गलबलून येतं.

नवा व्हॉल्व्ह पारखण्यात मात्र दादाचा हात धरणारा कोणी नव्हता. स्टेशनजवळ एका सिंधी काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. फाळणीत सगळं सोडून आलेला माणूस, लष्कराच्या मोडीतले व्हॉल्व्ह विकायचा. त्यातला कटकटीचा म्हणजे अगदी छोटा व्हॉल्व्ह. गिटारचा आवाज आधी त्याच्यात शिरतो आणि मग पुढे मोठा होतो. हा दिसायला गोंडस, पण आतून सैल असला तर जरा धक्का लागताच डब्यातून बारीक शिट्टी येते. म्हणून दादा व्हॉल्व्ह बसवायचा, तापू द्यायचा आणि काचेला नखाने टिचकी मारायचा. मला काही कळायच्या आत म्हणायचा, "हा बोलका आहे." बोलका बाजूला, मुका आपला. दुसरे वादकसुद्धा खरेदीला निघाले की त्याला मिनतवारी करून बरोबर न्यायचे.

एकदा गणपती होऊन गेल्यावर आम्ही दोघं संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. घरामागे तेव्हा नुसतं गवत माजलेलं असे. दादा म्हणाला, यंदा रातकिडे नाहीत वाटतं. रातकिडे तर असे किरकिरत होते की बोलणं नकोसं व्हावं. तो चेष्टा करतोय असं वाटून मी म्हटलं, तुझ्या गिटारला भिऊन पळाले. तोही हसला.

पुढे स्टुडिओतून कुरकुर सुरू झाली. वरच्या तारा बेसूर लागतात आणि वाजवताना मध्येच शिट्टी येते, असं त्याला सांगितलं गेलं. डबा नीट करून आण, नाहीतर खुर्चीवर दुसरा बसेल, असंही वाद्यवृंद सांभाळणाऱ्याने स्पष्टच बजावलं. दादा चिडला होता, पण घाबरला नव्हता. व्हॉल्व्ह म्हातारा झालाय, बदलला की झालं, असं त्याने आईला सांगितलं. मलाही ते अगदी पटलं. बाबांना तर यातलं काही कळूच द्यायचं नव्हतं. ती खुर्ची गेली असती तर त्यांच्यापुढे उभं राहायला दादापाशी काही उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा चादरीत बांधून आम्ही टांग्यातून दुकानात नेला. काकांनी छोट्या व्हॉल्व्हची खोकी पुढे मांडली. दादाने पहिला बसवला, तापू दिला, टिचकी मारली. डबा बारीक शिट्टीत असा किंचाळला की शेजारी इस्त्री घ्यायला आलेल्या बाईने कानावर हात ठेवला.

दादाच्या तोंडावर समाधान होतं. "हा मुका आहे," तो म्हणाला. "हाच द्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दादाला म्हटलं, "हा बोलतोय रे."

"कुठे बोलतोय?" त्याने पुन्हा टिचकी मारली, जरा जोरात. त्या बाईने पुन्हा कान झाकले. ते त्याने पाहिलं.

मग त्याने विचारलं, "तुला ऐकू येतंय?"

"येतंय."

"काकांना?"

काकांनी मान खाली घातली. दादाने रागवावं असं तिथे कोणीच नव्हतं. व्हॉल्व्ह सैल होता एवढंच, आणि तसले सैल व्हॉल्व्ह त्याने आजवर ढिगाने बाजूला काढले होते. मला ओट्यावरचे ते रातकिडे आठवले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, की निवडायला मी आहे ना, मी ऐकते आणि तुला सांगते.

"इथे सांगशील गं," तो म्हणाला. "तिथे स्टुडिओत कोण सांगणार?"

मला रडू आवरेना. दुकानात, परक्या बाईसमोर, मी ओक्साबोक्शी रडले. दादा मात्र रडला नाही. त्याने तो व्हॉल्व्ह जपून काढून बाजूला ठेवला आणि दुसरा बसवला. तो तापेपर्यंत वाट पाहिली. मग टिचकी मारली. या वेळी त्याने डब्याकडे कान दिलाच नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.