देवाची मूठ

कापणीचा सण जवळ आला की आमच्या पाळकसाहेबांचा फोन येतो. आताचे पाळक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे आहेत आणि फार गोड बोलतात. "बाई, यंदाही डब्याची साक्ष तुम्हीच द्यायची. नव्या पोरांनी ऐकली पाहिजे." मी थोडे आढेवेढे घेते, कारण लगेच हो म्हटलेलं बरं दिसत नाही. मग हो म्हणते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून सगळ्यांना सांगायचं, याला आमच्याकडं साक्ष म्हणतात. कोर्टातल्या साक्षीला निदान उलटतपासणी असते. आमच्या साक्षीला नुसतं आमेन असतं, आणि त्याचाच मी इतकी वर्षं फायदा घेतला.

साक्ष अशी आहे. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही हर्सूलला राहत होतो. आई रोज पीठ मळण्याआधी त्यातली एक मूठ देवासाठी डब्यात टाकायची. महिनाअखेर तो डबा तिनं तलावाकाठी उतरलेल्या एका धनगर बाईला दिला. चार दिवसांनी तीच बाई दुष्काळी कामावर खायला मिळणारी आपल्या वाट्याची सुकडी घेऊन आमच्या दारात आली. देणाऱ्याचं देव ठेवून घेत नाही, आमेन. यातला एक शब्दही खोटा नाही. फक्त मधलं थोडं गाळलेलं आहे, ते आता सांगते.

बाबा हर्सूलच्या जेलमध्ये शिपाई होते. जेलच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. त्या साली विहिरी आटल्या, तलावाचं पाणी पार तळाला गेलं आणि रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी यायला लागली. तिची भाकरी थापता थापता चिरायची आणि खाताना घशात अडायची. गावातले लोक बाबांना थट्टेनं म्हणायचे, "हवालदार, आमालाबी आत घ्या की. आतली भाकर तरी चुकत नाय." बाबा हसायचे. ते साधे शिपाई होते, पण हवालदार म्हटलेलं त्यांना आवडायचं.

देवाची मूठ ही आमच्या लोकांची जुनी चाल. ज्याच्याकडं द्यायला पैसा नाही त्यानंही देवाला काही द्यावं, म्हणून रोजच्या पिठातली मूठ. आमचा डबा पत्र्याचा होता. त्याच्या झाकणाला बाबांनी छिन्नीनं मूठ जाईल एवढं भोक पाडून त्यावर फडकं बांधलं होतं. एरवी डबा महिन्याच्या शेवटच्या रविवारी देवळात जायचा, वेदीपुढं ठेवायचा आणि पाळक तो गरजूंना वाटायचे. दुष्काळात पाळकांनीच सांगितलं, की छावणीतल्या देवळापर्यंत ओझं कशाला आणता, तुमच्या दाराशी जो उपाशी असेल त्याला द्या, ते देवाला पोचलं. डब्याचे आईचे नियम मात्र कडक होते. झाकण काढायचं नाही. आत बघायचं नाही. किती दिलं हे बघितलं की मनात गर्व शिरतो, असं तिचं म्हणणं. देताना तर ती तोंड दुसरीकडं फिरवायची, घेणाऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून.

असा डबा म्हणजे चोराला आमंत्रणच. आणि चोर घरातच होता.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. भुकेपोटी चोरलं असं म्हणता आलं असतं तर मी ते केव्हाच सांगून मोकळी झाले असते. पण मला माझी भाकरी मिळत होती. बाबांपेक्षा लहान, पण पोट भरण्याजोगी. मी चोरलं ते जिभेच्या चोचल्यासाठी. जेलच्या फाटकाबाहेर कैद्यांच्या मुलाखतीला आलेले लोक ताटकळत बसायचे. तिथं एक म्हातारा हातगाडीवर फुटाणे आणि गोडीशेव विकायचा. गोडीशेव म्हणजे गुळाच्या पाकातली जाड शेव. त्या गुळाच्या वासानं मी शाळेतून येताना मुद्दाम वळसा घालून जायची. एकदा त्यानंच मला हटकलं. "क्या देखती बेटा? पैसे नहीं तो ज्वारी ला, आटा ला. सब चलता."

झालं. दुसऱ्या दिवशी आई पाणी आणायला गेली आणि मी डब्यात हात घातला. आईची मूठ जाईल एवढ्या भोकातून माझी मूठ सहज जायची. ओढणीच्या टोकात पीठ बांधून नेलं आणि कागदाच्या पुडीत शेव आणली. मग ते रोजचंच झालं. डबा हलका लागेल याची भीती वाटली तेव्हा त्यावरही तोड सापडली. आई मिलोचं पीठ चाळून वरचा कोंडा कोंबड्यांसाठी मडक्यात ठेवायची. जेवढं पीठ काढायचे तेवढा कोंडा मी डब्यात टाकायला लागले. रंग सारखाच लाल. आपल्या हुशारीचं मला तेव्हा भारी कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

महिना संपला. देवगाव रंगारीकडून आलेलं एक धनगर कुटुंब तलावाच्या काठाला पाल ठोकून होतं. मेंढरं काही मेली होती, काही मिळेल त्या भावाला विकली होती. नवरा-बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. त्यांना वर्षाची पोरगी होती. बाईचं दूध आटलं होतं आणि पोरगी रडायचीसुद्धा नाही, नुसती बघत राहायची. आईनं पाणी आणायला जाता-येता ते बघितलं होतं. त्या रविवारी तिनं डबा माझ्या डोक्यावर दिला आणि आम्ही दोघी तिकडं गेलो. चालताना मी मागं मागं राहत होते. डबा जड आहे असं आईला वाटलं. म्हणाली, "दे इकडं, मी घेते." मी दिला नाही.

बाईनं पदर पसरला. आईनं झाकण काढलं, डबा तिच्या पदरात उपडा केला आणि नेहमीप्रमाणं तोंड तलावाकडं फिरवलं. "पोरीला पेज करून पाज," असं ती तलावाकडं बघूनच म्हणाली. म्हणजे पदरात काय पडलं ते आम्ही दोघींनीच बघितलं, त्या बाईनं आणि मी. वर थोडं पीठ, खाली नुसता कोंडा. बाईनं चिमटीत धरून चोळून बघितला. मग माझ्याकडं बघितलं आणि मग आईच्या गळ्याच्या वर आलेल्या हाडांकडं बघितलं. "लई झालं, माय," एवढंच म्हणाली.

चार दिवस मी जीव मुठीत धरून होते. पाचव्या दिवशी दुपारी ती दारात उभी. काखेत पोरगी, हातात फडक्याचं गाठोडं. मी कोंबड्यांपाशी होते. पळून जावंसं वाटलं, पण पळाले नाही.

"माय, रागावू नका," ती आईला म्हणाली. "तुमी दिलं त्यात कोंडाच लई व्हता. म्या मालकाला म्हणलं, आपल्याला वाटलं नोकरीवाले हायेत, सुखी असतील. ते बिचारे सवताच कोंडा खाऊन ऱ्हायले, अन् त्यातलं काढून आपल्याला देऊन ऱ्हायले. आमाला कामावर सुकडी भेटती. ही तुमच्या लेकराला घ्या."

"कोंडा?" आई म्हणाली.

"पोरीला नाय गेला. घशाला टोचतो ना. म्याच खाल्ला. त्याचं काय नाय."

आईनं कोंड्याच्या मडक्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं आता बिंग फुटणार, आता पाठीत धपाटा बसणार. तो बसला असता तर बरं झालं असतं असं आज वाटतं. ज्या बाईनं आपल्या घासातलं आणून दिलं तिला, माझ्या पोरीनं तुझ्या पोरीचं चोरलं, हे आई कुठल्या तोंडानं सांगणार? तिनं गाठोडं घेतलं, सोडलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"खा," ती म्हणाली.

"मला नको, आई."

"तिनं स्वतःच्या पोरीच्या तोंडचं काढून आणलंय. तिच्यासमोर खा."

मी खाल्लं. भाजलेलं पीठ, तेल आणि गूळ. गोड होतं. काखेतली पोरगी माझ्या हाताकडं बघत होती, घास तोंडात गेला की तोंडाकडं बघायची. मी तिला एक घास द्यायला हवा होता. तेवढंही मला सुचलं नाही. बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. खडी फोडून तिची बोटं सोलवटली होती, ती केसांत अडकली. "खा माय, खा. लाजू नको," ती म्हणाली.

ती निघाली तेव्हा आईनं तिला थांबवलं. घरातलं होतं नव्हतं तेवढं सगळं पीठ आणून तिच्या पदरात ओतलं. ती नको नको म्हणत होती. या वेळी आईनं तोंड फिरवलं नाही. शेवटच्या चिमटीपर्यंत बघत राहिली.

त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. बाबांना आईनं सुकडीचं सांगितलं, पीठ देऊन टाकल्याचं सांगितलं. कोंड्याचं सांगितलं नाही. बाबा भाबडे, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी ते देवळात उभे राहिले आणि त्यांनी ही साक्ष पहिल्यांदा दिली. "यांच्या पत्नीला आणि मुलीला उभं राहू द्या," असं पाळक म्हणाले. मी उभी राहिले. आई बायकांच्या बाजूला खाली मान घालून बसून राहिली. लोकांना तो तिचा विनय वाटला. बाबा गेल्यावर ती साक्ष वारसाहक्कानं माझ्याकडं आली. आई होती तोवर मी साक्ष देताना ती कधी वर बघायची नाही, आणि आईच्या बाकाकडं मीही बघायची नाही.

चोरीबद्दल आई मला जन्मात एक शब्द बोलली नाही. फक्त रेशन आलं त्या दिवशी परातीत पीठ घेतलं आणि म्हणाली, "आजपासून मूठ तू काढायची."

"कुणाच्या भाकरीतली काढू?"

"तुला वाटेल त्याच्या."

तेव्हा मी पहिल्यांदा परातीत नीट बघितलं. आई पिठाचे तीन ढीग करायची. बाबांचा मोठा, माझा मधला, तिसरा तिचा. मूठ रोज त्या तिसऱ्या ढिगातून निघत होती, दोन्ही वेळा. तिची भाकरी तळहाताएवढी का असते, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. मला वाटायचं, आईला भूकच कमी. मी गोडीशेवेवर उडवली ती देवाची मूठ नव्हती. ती आईची भाकरी होती, आणि तिनं ती न खाता त्या पोरीसाठी ठेवली होती.

इथं मी सुधारले असं लिहिता आलं असतं तर किती छान झालं असतं. पहिले आठ-दहा दिवस मूठ मी माझ्या ढिगातून काढली. मग एक दिवस फार भूक लागली होती. मी आईच्या ढिगातून काढली. आईनं बघितलं आणि थापायला घेतलं. त्यानंतर मी तिच्याच ढिगातून काढत राहिले.

पाऊस झाला तेव्हा धनगर कुटुंब गेलं. पाल होतं तिथं तीन दगडांची चूल तेवढी राहिली. मधल्या काळात आई त्यांच्याकडं दोनदा गेली होती, मी गेले नाही. ती पोरगी पुढं जगली का, मला ठाऊक नाही. आईला विचारायची हिंमत झाली नाही. इतक्या वर्षांत साक्ष ऐकणाऱ्यांपैकीही कुणी विचारलं नाही.

गारखेड्यातल्या माझ्या घरी आज धान्याच्या कोठ्या भरलेल्या असतात. मी पेन्शनर बाई. गरीब मुलांच्या फिया भरते, कुणी आजारी पडलं की डबा नेते, आणि मंडळीत लोक मला उदार म्हणतात. मला ते आवडतं. आवडतं, याचीही लाज वाटते. यंदाच्या कापणीच्या सणाला मी ठरवून गेले, की आज सगळं सांगायचं. वेदीपुढं भोपळे, केळीचे घड, ज्वारीची कणसं मांडली होती. मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आजवर एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. त्या डब्यात पीठ थोडं होतं. बाकी सगळा कोंडा होता."

पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मागून कुणीतरी हळहळून म्हणालं, "अरे देवा, कोंडा खाऊन दिवस काढले बिचाऱ्यांनी. आणि त्यातलंही दिलं!" पाळकांनी हात वर केले आणि सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली.

मला पुढचं एकच वाक्य बोलायचं होतं. माईक माझ्या हातात होता, वेळ होता, सगळे माझ्याचकडं बघत होते. मी म्हणाले, "देव तुमचं भलं करो," आणि खाली बसले. एका पोरानं सगळ्यांच्या आधी माझ्यासाठी चहा आणला.

ते वाक्य इथं लिहिते. कोंडा मी टाकला होता.