एक बोट, एक कुलूप

दोन माणसं हत्यारं घेऊन एका छपराखाली आली, की काम व्हायच्या आधी किस्सा होतो. आमच्या भोरच्या शेडमध्ये तर रोज वीसेक माणसं यायची! अजूनही जुन्यांपैकी कुणी बाजारात भेटलं, की भाजी राहते बाजूला आणि शेडच्या गप्पा सुरू होतात.

शेड म्हणजे सगळ्यांची मिळून एक कार्यशाळा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एसटी स्टँडमागच्या रिकाम्या गोदामात गावच्या समितीनं वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, ड्रिल आणि लाकूड कांतायचं लेथ मांडलं. ज्याला काम असेल त्यानं यावं, करून जावं. पंपाचा तुटका भाग जोडायला पुण्याला मारावा लागणारा हेलपाटा वाचला. मी आयटीआयमध्ये फिटर शिकवून निवृत्त झालेलो, म्हणून देखरेख आणि सेफ्टी माझ्या गळ्यात. अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मास्तर, एक बोट तुटलं, की कुलूप!"

घरी येऊन बायकोला म्हटलं, "वीस माणसं, म्हणजे दोनशे बोटं सांभाळायची."

ती म्हणाली, "स्वतःची दहा धरली का?"

*

ग्राइंडरवर गॉगल लावायचाच, हा माझा पहिला नियम. हिर्डोशीचे दगडूतात्या सकाळची एसटी पकडून कोयत्याला धार लावायला यायचे. एकदा बघतो तर ठिणग्या उडताहेत, गॉगल खुंटीला आणि तात्यांचे डोळे घट्ट मिटलेले!

मी धावत जाऊन स्विच बंद केला. "तात्या, हे काय?"

"डोळं मिटल्यावर कचरा जाईल कुठनं?"

"अहो, पण दिसतं कसं?"

"चाळीस वर्सं ह्योच कोयता हाय, मास्तर. त्याला काय बघायचं?"

मी स्वतःच्या हातानं त्यांना गॉगल चढवला. तात्यांनी कोयता डोळ्यांसमोर धरला आणि दचकलेच. "आरं, लई झिजलाय की ह्यो!"

*

आगीसाठी मी लाल बादलीत वाळू भरून ठेवली होती. उन्हाळा आला आणि त्या वाळूवर कुणीतरी माठ बसवला. वाळू ओली, त्यामुळे पाणी काय गार लागायचं! मी आधी दोन भांडी प्यायलो, मग ओरडलो.

आमचे वेल्डर राशिदभाई शांतपणे म्हणाले, "मास्तर, आग वर्सातनं एकदा. तहान रोज."

चारच दिवसांत ठिणगी पडून लाकडाच्या भुशानं पेट घेतला. राशिदभाईंनी माठ उचलला आणि अख्खा भुशावर ओतला. आग विझली. वाळू जागच्या जागी!

"अहो, वाळू का नाही टाकली?"

"मग माठ ठिवायचा कशावर?"

*

आंबवड्याच्या हौसाक्का लेथवर लाटणी कांतायच्या. फिरत्या मशीनजवळ लोंबता पदर म्हणजे धोका, पण बाईमाणसाला सांगायचं कसं? दोन दिवस मी घरी वाक्यं जुळवत होतो. शेवटी थंडीच्या एका सकाळी धीर केला. "हौसाक्का, ते कपड्यांचं जरा..."

हौसाक्का नऊवारीत, कासोटा घट्ट, पदर कमरेला. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "माजा पदर सकाळधरनं खोचल्याला हाय. तुमचा मफलर लोंबतोय मशीनवर, त्यो काढा आदी!"

माझे कान लाल झाले, ते थंडीनं नव्हे.

*

मग मी 'सुरक्षा प्रथम' अशी मोठी पाटी रंगवून आणली. शिडी कुणीतरी नेली होती, म्हणून खुर्चीवर स्टूल ठेवलं आणि चढलो. स्टूल सरकलं. राशिदभाई हातातलं काम टाकून धावले आणि त्यांनी वरच्या वर झेलली... पाटी!

"मास्तर, काळजी नको, वरखडाबी न्हाई!"

मी जमिनीवर. दगडूतात्या शेजारी बसून माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघत होते. "धाच्या धा हायती," त्यांनी सगळ्यांना जाहीर केलं, "शेड चालू ऱ्हानार!"

*

एकदा निरोप आला, की पुण्याहून तपासणीचे साहेब येणार. शेरा वाईट पडला तर कुलूप, हे अध्यक्षांनी पुन्हा ऐकवलं. मला जेवण जाईना. खरं सांगतो, निवृत्तीनंतर सकाळी उठून जायला मला तेवढीच एक जागा उरली होती.

नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी आली. मशीनना हळदकुंकू, झेंडूचे हार आणि दाराबाहेर बुटांची ओळ! जमिनीवर पत्र्याचे तुकडे पडतात, म्हणून मी मागे लागून सगळ्यांना बूट घ्यायला लावले होते. पण पुजलेल्या मशीनपुढं पायताण घालून कोण जाणार? सगळे अनवाणी. राशिदभाईसुद्धा! म्हणाले, "समद्यांची भाईर, माजीच आत? बरं दिसतं का!"

मी अक्षरशः हात जोडले. हौसाक्कांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, पूजेचं ताट उचललं, बाहेर जाऊन एकेका बुटाला हळदकुंकू लावायला सुरुवात केली. "बूटबी हत्यारच की. घाला आता."

"पुजल्यालं पायात घालू व्हय?" तात्या अडून बसले.

"औत पुजता आन् चिखलात घालता न्हवं?"

तात्यांनी बूट पुढं ओढले. राशिदभाई हळूच म्हणाले, "आक्का, माज्यावर नुसतं फूल ठिवा."

शेवटच्या माणसानं बूट चढवला आणि जीप थांबली. साहेब दारात आले. हार बघितले, उदबत्तीचा वास आला, आणि चटकन बूट काढून, हात जोडून त्यांनी अनवाणी पाऊल उचललं. साहेबाला अडवणार कोण?

दगडूतात्यांनी दारात हात आडवा घातला. "सायेब, बूट घाला. हितं देवापुढंबी बूट लागत्यात."

साहेब आधी तात्यांकडं बघत राहिले, मग सगळ्यांच्या पायांकडं. तोवर हौसाक्का वाकून त्यांच्या काळ्या चकचकीत बुटांना हळदकुंकू लावून मोकळ्याही झाल्या होत्या!

साहेबांनी तासभर शेड तपासली. अहवालात 'त्रुटी' या रकान्यात एकच नोंद केली आणि खाली सही ठोकली:

"निरीक्षक अनवाणी आत येत होते. उपस्थितांनी रोखले."