राखीव सिलिंडर

आमचे हे प्रयोगशाळेत भट्टी सांभाळतात. लग्न माझ्याशी लागलं, पण संसार त्या भट्टीशी केला, असं मी नणंदेला सांगायचे आणि ती पोट धरून हसायची. आता सांगवत नाही.

भट्टीत तळहाताएवढी एक चकती होती. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा आणि आठशे अंशांची धग. त्यातून वीज निघायची. हायड्रोजनकडचा निकेलचा थर ह्यांनी स्वतः खलून, गाळून चढवलेला. असा थर टिकत नाही, हेच तर दुखणं. धगीत निकेलचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वीज तयार व्हायला जागाच उरत नाही. नाहीतर थर सुटतो, नाहीतर नळीतून काही घाण येऊन बसते. नेमकं काय झालं ते चालू भट्टीत दिसत नाही. चकती थंड करून, कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते, आणि मग ती संपलीच.

आमचा मुलगा शाळेत असताना ही चकती लावलेली. तो नोकरीला लागला तरी ती चालूच होती. वीज मात्र उतरत चाललेली. हे जेवताना आकडा सांगायचे, घरातल्या आजाऱ्याचा ताप सांगावा तसा. "काय खातंय तिला, एवढं कळलं तरी पुढची नीट करता येईल," म्हणायचे. आयुष्यात ह्या माणसाने दुसरं काही मागितलं नाही. साधी बदलीसुद्धा नाही.

मग हायड्रोजनचे सिलिंडर आणणारी गाडी यायची बंद झाली. प्रयोगशाळेत एकच भरलेला सिलिंडर उरला, तोही चकती थंड करण्यासाठी राखून ठेवलेला. भट्टी निवेपर्यंत हायड्रोजन चालू ठेवावा लागतो. मध्येच संपला तर हवा आत शिरते, निकेल फुगतं आणि चकती तडकते. हे मला पाठ आहे, मग ह्यांना किती असेल.

मॅडमनी, म्हणजे ह्यांच्या वरिष्ठांनी, विचारलं, "काय करूया? आज निववायची का?"

"गाडी उद्या येईल म्हणतायत. चालतेय तोवर चालू दे," हे म्हणाले. मॅडमचाही जीव अडकला होता तिच्यात. त्यांनी चालू ठेवू दिली.

घरी मी म्हटलं, "अहो, आणि उद्या नाही आली तर?"

"अगं, जिवंत आहे अजून ती. आपल्या हाताने कशी बंद करू?"

मला भयंकर राग आला. पण मोडकी खुर्चीसुद्धा जो माणूस टाकू देत नाही, त्याच्याशी काय भांडायचं?

राखीव सिलिंडर जोडला. तो निम्मा झाला तेव्हाही निववता आली असती. नेमका तेव्हाच गाडी निघाल्याचा फोन आला आणि हे थांबले. गाडी आली नाही. भट्टी लाल असतानाच ह्यांच्या डोळ्यांदेखत सिलिंडरचा काटा शून्यावर गेला.

उघडल्यावर तुकडे निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली भेगाच भेगा. इतक्या वर्षांची झीज कुठली आणि त्या दुपारचं नुकसान कुठलं, वेगळं काढता येईना. मॅडम एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते ह्यांना जास्त लागलं.

नवी चकती जुन्याच रीतीने करायला घेतली आहे. बदलायचं काय, ते कुणालाच माहीत नाही.

"हीसुद्धा तशीच उतरत जाईल," काल जेवताना हे म्हणाले. "आणि तिला उघडतील तेव्हा मी तिथे नसेन."

असं बोलू नये, म्हणणार होते, पण मनातल्या मनात वर्षं मोजली आणि ह्यांच्या पानात भात वाढला.