मझऱ्याच्या गेटवरचे दादा

“परवानगी हाय, कबूल. पण कोणाची?”

हे विचारताना दादा समोरच्या जीपच्या बॉनेटवर दोन बोटं टेकवायचे. अडवल्यासारखं वाटू नये, पण गाडी पुढंही सरकू नये, इतपतच. त्यांचं अरबी मोडकंतोडकं होतं, तरी हा एक प्रश्न ते हवालदाराच्या रुबाबात विचारत. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणत, “भाऊ, परवानगी म्हंजे ताक हाय. वाटत गेलं की पाणीच जास्त.”

सौदीत तबूककडे जाताना विमानाच्या खिडकीतून तुम्ही कधी खाली पाहिलं असेल, तर पिवळ्या वाळूत मोठमोठी हिरवी वर्तुळं दिसली असतील. ती एकेका शेताची. मधोमध विहीर, आणि तिच्याभोवती चाकांवर गोल फिरत पाणी शिंपडणारा लांबलचक नळ. त्याला पिव्हॉट म्हणतात. या पिव्हॉटच्या दुरुस्तीचं काम मी करायचो, म्हणून मझऱ्यांवर, म्हणजे तिथल्या शेतांवर, माझं जाणंयेणं होतं. दादा अशाच एका मोठ्या मझऱ्यावर होते. माणूस गुहागरकडचा, मूळचा पंप मेकॅनिक. पण इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, धंदा लिहिला होता शेतमजूर, आणि प्रत्यक्षात करत होते गेट सांभाळायचं काम.

गेट सांभाळायला एवढं काय लागतं, असं मलाही आधी वाटलं होतं. गव्हाची कापणी झाली की सांडलेल्या दाण्यांवर होले आणि पारवे उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग बंदुका येतात. सरकारी परवाना असला तरी ज्याच्या शेतात बार काढायचा त्या मालकाची परवानगी लागतेच. आमचा मालक, म्हणजे दादांचा कफील, शहरात राहायचा. म्हातारा, खानदानी आणि फार गोड माणूस. त्याच्या तोंडून नाही हा शब्द कधी निघालाच नाही. मागायला आलेल्याला नकार देणं म्हणजे त्याच्या लेखी बापजाद्यांची लाज काढणं. तेव्हा तो सगळ्यांनाच हो म्हणायचा. ज्याला हो म्हटलं तो आपल्या चुलतभावाला शेताचं लोकेशन पाठवायचा, चुलतभाऊ ऑफिसातल्या मित्राला, आणि शुक्रवारी सकाळी गेटवर अशा जीपगाड्या लागायच्या, की त्यातल्या निम्म्यांना मालकाचं नावसुद्धा ठाऊक नसे.

तुम्ही म्हणाल, मारू देत की चार होले. पण छऱ्यांना कुठं कळतं होला कोणता आणि पिव्हॉटची लोंबती नळी कोणती. नळ्यांची चाळण व्हायची आणि मला बोलावणं यायचं. माझा धंदा चालायचा म्हणून मी गप्प राहायचो. पण एकदा आमचा बंगाली स्वयंपाकी कपडे वाळत घालत असताना त्याच्या डोक्यावरच्या पत्र्यावर छरे सडसडले, आणि तो दुपारपर्यंत मोरीतून बाहेर आला नाही. त्या दिवसापासून दादांनी गेट मनावर घेतलं.

मालकाला नाही म्हणता येत नव्हतं, ते त्याच्या वतीनं दादा म्हणायला लागले. आणि त्यांचं खरं कसब होतं ते मालकाचा होकार वाचण्यात. गाडी आली की ते मालकाला फोन लावत. मालक “उघड” म्हणून फोन ठेवून द्यायचा, तेव्हा परवानगी खरी. पण “अरे, ते तर आपलेच, घर त्यांचंच आहे, शेत त्यांचंच आहे, डोळ्यांवर घे त्यांना” असं लांबण लावलं, की दादा समजून जायचे. फोन खिशात टाकत मला म्हणायचे, “जितकं गोड तितकं बंद.” दोघांत हे कधी ठरलं नव्हतं. मालकानं तसं कधी सांगितलं नाही, दादांनीही विचारलं नाही.

आता बंद म्हणजे काही तोंडावर गेट लावणं नव्हे. दादा पाहुण्यांना मोठ्या मानानं मजलिसमध्ये, म्हणजे तिथल्या बैठकीच्या खोलीत, घेऊन जात. गालिच्यावर बसवत, खजूर पुढं ठेवत आणि कहवा, म्हणजे तिकडची बिनदुधाची कॉफी, ओतायला लागत. पेला हलवला की पुरे, असा तिकडचा रिवाज आहे. पण पाहुणा पेला हलवायला लागला की दादा नेमके खजुराच्या थाळीवरची माशी हाकलायला वळलेले असायचे. पेल्यामागून पेले होत, ऊन चढे, आणि होले पोट भरून निघून जात. पाहुणचाराची तक्रार कोण करणार? बंदुका न काढताच मंडळी मालकाला दुवा देत परत जायची.

ही चलाखी एकाच माणसानं ओळखली. निवृत्त मास्तर होते, जवळच्याच गावातले. पुतण्यांना घेऊन दोनतीनदा आले आणि दोनतीनदा कहवा पिऊन गेले. पुढच्या खेपेला एकटेच आले, बंदूक गाडीतच ठेवली आणि दादांना म्हणाले, आज होल्यांसाठी नाही, तुझा कहवा चांगला असतो म्हणून आलोय. तेव्हापासून त्यांची ऊठबस सुरू झाली. एकाला अरबी धड येत नव्हतं, दुसऱ्याला हिंदी अजिबात नाही. तरी दोघं तासभर बोलत बसलेले मी पाहिले आहेत. काय बोलता म्हणून विचारलं, तर दादा म्हणाले, “बापाबद्दल.”

दादांच्या वडिलांना, आप्पांना, विसर पडायला लागला होता. गावी धाकटा भाऊ आणि त्याची बायको त्यांचं सगळं करत. आधी दिवस विसरले, मग जेवण झालंय ते विसरले, मग भावालाच कधी मामा तर कधी पोस्टमन समजायला लागले. पण थोरला मुलगा सौदीला आहे हे पक्कं होतं. दादा रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढायचे, रेंज तिथंच यायची, आणि फोन लावायचे. आवाज ऐकला की आप्पा लगेच ओळखत, नावानं हाक मारत आणि विचारत, “कदी येतंस?” एकदा भावानं व्हिडिओ कॉल लावला तर आप्पा फोनपासून लांब सरले. दादा म्हणाले, रेंज बेकार, तोंड नीट दिसलं नसंल. मीही तेच म्हणालो.

“अजून वळखतायत, तवर जायला होवं,” एवढं एकच त्यांनी धरलं होतं.

तर दादांनी मालकाकडे रजा मागितली. आता तुम्हाला वाटेल, हल्ली कायदे बदललेत, माणूस आपल्या फोनवरून आपली सुटी काढतो. काढतो, पण कंपनीतला. शेतमजूर त्यात येत नाही. त्याला मायदेशी जाऊन यायचा शिक्का अजूनही मालकच देतो, तोही फोनवर चार बोटं फिरवून. मालक शेतावर आला होता. दादांनी आप्पांचं सांगितलं. मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी स्वतः पाहिलं. तो म्हणाला, तू माझा भाऊ आहेस, तुझा बाप तो माझा बाप, हा मझरा तुझाच आहे, तू जाणारच, इन्शाल्ला, का नाही जाणार.

दादांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. सगळ्या तबूकमध्ये हे बोलणं ज्याला बरोब्बर वाचता येत होतं, त्यालाच ते ऐकावं लागलं होतं. दुसरा कोणी असता तर आनंदानं सामान बांधायला लागला असता. दादा मान डोलावून गेटवर जाऊन उभे राहिले.

मला संताप आला होता. मी म्हटलं, भांडा की, दूतावासात जा. दादा शांतपणे म्हणाले, “भाऊ, त्याचं बी बरोबर हाय. मी गेलो तर त्याच्यासाठी नाय कोण म्हणंल?” आपणच आपल्याभोवती कुंपण घालत गेलो आणि गेट ठेवायचं विसरलो, असं काहीसं त्यांना म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. हे माझं.

त्या हंगामात त्यांनी आणखी दोनदा मागून पाहिलं. उत्तर दर वेळी अधिक गोड होत गेलं. तिकडे आप्पा भावाच्या बायकोला आई म्हणायला लागले होते.

मग एका शुक्रवारी मालक आपल्या पाहुण्यांसह मजलिसमध्ये बसला होता. मास्तरही होते. पिव्हॉट सुरू करून मी हात धुऊन दाराशी टेकलो होतो. दादा दल्ला, म्हणजे कहव्याची ती लांब चोचीची किटली, घेऊन ओतत फिरत होते. मास्तरांनी पेला घेतला, ओठांना लावला नाही, आणि हळूच आपल्यासमोर गालिच्यावर ठेवून दिला.

खोलीतलं बोलणं थांबलं. तिकडच्या वाळवंटातल्या टोळ्यांचा हा जुना बदावी रिवाज आहे. पाहुण्यानं न पिता पेला खाली ठेवला, तर त्याला काही मागायचंय. आणि मागणं पुरवल्याशिवाय त्यानं तो उचलला नाही, तर यजमानाची चारचौघांत शोभा होते. मालक हसून म्हणाला, पी, मागशील ते दिलं. त्याला वाटलं असणार, पुतण्यांसाठी उत्तरेकडच्या वर्तुळात शिकारीची परवानगी हवी असेल.

मास्तर म्हणाले, “मला होले नकोत. या माणसाला त्याच्या बापाकडे जाऊ दे.”

मालक गडबडला. हा तर माझा भाऊ, हे घर त्याचंच, असं त्याचं सुरू झालं. मास्तर ऐकत राहिले. त्यांनी पेल्याला हात लावला नाही. दादा दल्ला धरून तसेच मध्ये उभे, आणि चोचीतून एकेक थेंब गालिच्यावर पडत होता. कोणी त्यांना सांगितलं नाही, त्यांनाही कळलं नाही. शेवटी मालकाचं बोलणं संपलं. त्यानं खिशातून फोन काढला, चष्मा लावला, बराच वेळ बोटं फिरवली आणि म्हणाला, “खलास.”

झालं, एवढाच त्याचा अर्थ. गोड नव्हता, म्हणून खरा होता. मास्तरांनी गार झालेला कहवा एका घोटात संपवला.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. दादांनी आप्पांसाठी एक चेकचा शर्ट, सुकवलेले अंजीर आणि मोठ्या आकड्यांचं घड्याळ घेतलं होतं. गाडीत ते एकसारखे हसत होते. दोन महिन्यांची रजा होती. मी मनात म्हटलं, हे काही परत येत नाहीत. खरं सांगायचं तर त्यांनी येऊ नये असंच मला वाटत होतं.

मागे गेटवर नवा माणूस आला. तो मालकाचं बोलणं शब्दशः धरायचा आणि सगळ्यांना आत सोडायचा. एवढ्या नळ्या मी अख्ख्या हंगामातसुद्धा कधी बदलल्या नव्हत्या.

पण महिनासुद्धा झाला नसेल, मी नळ्यांची बंडलं घेऊन मझऱ्यावर गेलो, तर गेटवर दादा. अंगावर कामाचेच कपडे. मालकही चक्रावला होता म्हणे. त्यानं विचारलं, मी तर तुला दोन महिने दिले होते. मला वाटलं, आप्पा गेले असणार. पाण्याच्या टाकीखाली सावलीत बसलो, तेव्हा दादांनीच सांगितलं.

घरी पोचले तेव्हा आप्पा ओटीवर बाकावर बसले होते. दादा पाया पडले. आप्पांनी तोंडभर आशीर्वाद दिला आणि सुनेला हाक मारली, पाव्हण्यांना चहा कर. दादांनी नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, लहानपणी आंब्यावरून पडून हात मोडला होता तो दाखवला. आप्पांनी सगळं आदरानं ऐकून घेतलं. म्हणाले, आमच्या मुलाचाही असाच मोडला होता, तो सौदीला असतो. अंजीर त्यांनी खाल्ले नाहीत. मुलगा आला की त्याच्याबरोबर खाईन म्हणून डब्यात जपून ठेवले. संध्याकाळ झाली की बेचैन व्हायचे. आज फोन नाय आला, आज बी नाय आला, म्हणून सुनेला हैराण करायचे. जेवत नसत. ज्याचा फोन यायचा तो समोर बसून घास भरवायला बघत होता, आणि ते परक्या माणसासमोर संकोचून तोंड फिरवत होते.

“मंग काय केलंत?” मी विचारलं. बोलताबोलता माझंही त्यांच्यासारखंच झालं होतं.

दादा म्हणाले, एका संध्याकाळी ते मागल्या दारानं विहिरीपाशी गेले आणि तिथून घरच्या फोनवर फोन लावला. भावजयीनं तो आप्पांच्या कानाला धरला. आवाज ऐकला मात्र, आप्पांनी नावानं हाक मारली. इतकी मोठ्यानं की ती फोनात नाही, घराच्या कौलांवरून विहिरीपर्यंत ऐकू आली. सगळं विचारलं, जेवतंस ना, मालक बरा हाय ना, कदी येतंस. दादा म्हणाले, येतो आप्पा, आत्ताच येतो. फोन बंद केला, तोंडावर पाणी मारलं, आणि घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आले.

आप्पा बाकावर खुशीत बसले होते. दादांना बघून ते सरकले, शेजारी जागा केली आणि म्हणाले, “बसा, पाव्हणे. माझा मुलगा यायलाय आता. त्याला भेटूनच जावा.”