खाली ये

आमच्या ह्यांचा उभा जन्म भोपाळात गेला आणि त्याबरोबर त्यांची मराठीही गेली. कारखान्यात हिंदी, शेजारीपाजारी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी. "पाण्याची टाकी खाली झाली," असं ते म्हणतात आणि मी स्वयंपाकघरातून म्हणते, "रिकामी झाली म्हणा. खाली म्हणजे जमिनीकडे." त्यावर त्यांचं ठरलेलं, "तू मास्तरीण का नाही झालीस?" अवधपुरीतल्या आमच्या घरात थोडीफार मराठी टिकून आहे ती माझ्या जिभेच्या धाकामुळे, असं मला आपलं वाटतं.

मुलाच्या घरी मात्र हा धाक पोचत नाही. सून लखनौची, गोड बोलणारी; तिच्याबद्दल एक अक्षर वावगं बोलायचं नाही मला. नातवंडं नोएडात वाढतायत, सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा. मला दादी म्हणतात. फोनवर "दादी, कैसी हो" झालं की पुढे मलाच हिंदी जुळवावी लागते आणि माझी हिंदी ऐकून दोघं खो खो हसतात. हसू देत बापडी. पण ज्या भाषेत मी त्यांच्या बापाला निजवलं, ज्या भाषेत मला नीट रागावता येतं आणि लाडही करता येतात, तिच्यातलं एक वाक्य तरी या पोरांच्या तोंडून ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी माझा जीव तुटायचा. यंदा सुट्टीत ती आली तेव्हा मी ठरवूनच टाकलं, मुलांशी फक्त मराठी बोलायचं.

झालं काय, मुलं माझ्याशी बोलेनाशीच झाली. मी "हात धुऊन ये" म्हटलं की थोरली आईकडे बघायची, आई बाबांकडे, आणि बाबा फोनकडे. "कशाला पोरांचा छळ मांडलायस?" हे म्हणाले, "चार दिवसांची पाहुणी ती." मला राग आला, कारण ते खरं होतं.

ज्या दिवशी संध्याकाळी त्यांची गाडी होती, त्या दिवशी सकाळी सगळे मिळून शहराबाहेरच्या परीकथांच्या जंगलात गेलो. सागाच्या रानात सिमेंटचं एक जगच उभारलंय तिथे. राक्षसाचा बूट, मिठाईची झोपडी, नाक तुटलेली चेटकीण. तिच्या टोपीवर एक खरंखुरं वानर बसून कुणाचे तरी वेफर्स खात होतं. एक झाड बोलतं, म्हणजे त्याच्या ढोलीतला स्पीकर हिंदीत गोष्ट सांगतो. दोघं त्याच्यापुढे मांडी घालून बसली, तोंडं उघडी टाकून. मला त्या झाडाचा हेवा वाटला. सांगायला लाज कसली. गोष्टी माझ्याकडेही होत्या, त्यांच्या बापाने पुन्हापुन्हा सांगायला लावलेल्या, या दोघांसाठी राखून ठेवलेल्या. त्या आता सांगायच्या कुणाला?

पुढे राजकन्येचा मनोरा होता. आत गोल जिना, वर एक खिडकी. बाकीची मंडळी आईस्क्रीमच्या रांगेत उभी होती. थोरली भराभर वर चढली आणि खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. मी तिला ओरडून म्हटलं, "खाली ये. आधी खाली ये बघू."

तिने वळून मनोऱ्यात पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "खाली नहीं है, दादी," ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "मैं हूँ ना इसमें."

हसावं की रडावं कळेना. तिला वाटलं, दादी म्हणतेय, हा मनोरा रिकामा आहे. गुडघे कुरकुरत होते तरी मी जिना चढले, धापा टाकत तिच्याशेजारी टेकले आणि माझा पण मोडून हिंदीत सांगितलं, की मराठीत खाली म्हणजे नीचे. तुमचं खाली ते आमचं रिकामं. ती विचारात पडली. "और ये?" मी म्हटलं, "ये म्हणजे आओ." "अच्छा," म्हणाली आणि आईस्क्रीमकडे धावत सुटली. माझी शिकवणी त्या मनोऱ्यातच राहिली, असं मी धरून चालले.

संध्याकाळी हबीबगंजला गेलो. स्टेशनचं नाव बदललंय, पण आमच्या तोंडी अजून तेच आहे. हे प्लॅटफॉर्मवर थांबले, मी डब्यात चढले. लाडूंचा डबा कुठल्या पिशवीत ते सांगितलं, पुन्हा सांगितलं, धाकट्याच्या अंगावरची चादर सारखी केली. उतरायची वेळ झाली होती, हे मला कळत होतं. मुलगा घड्याळाकडे बघत होता. सुनेला कसं सांगावं ते समजत नव्हतं. मी चादर पुन्हा सारखी केली, कारण मला उतरायचंच नव्हतं.

तेवढ्यात थोरली खिडकीपासून उठली आणि तिने माझा दंड दोन्ही हातांनी धरला. "दादी, खाली ये."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. गाडी सुटेल, दादी आत अडकेल, ही काळजी तिच्या चेहऱ्यावर साफ दिसत होती. तिला म्हणायचं होतं, खाली जा. पण जा मी तिला शिकवलंच नव्हतं. तिला येत होतं ते एवढंच. जन्मभर लोकांची मराठी दुरुस्त करत आले, पण तिचं वाक्य मी तसंच राहू दिलं. "हो गं बाई," म्हटलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि उतरले.

गाडी गेल्यावर आम्ही दोघं स्कूटरकडे चालायला लागलो. "आता घर खाली," हे म्हणाले. मी त्यांनाही काही बोलले नाही. बाहेरच्या गर्दीतून वाट काढताना त्यांनी विचारलं, "पोरगी शेवटी तुला काय म्हणत होती गं? काचेतून दिसत होतं."

"ये म्हणाली," मी सांगितलं.