आजचा सुविचार, उंची पाच फूट चार

आमच्या गावाच्या जोगेश्वरीतल्या मंडळाचं वधू-वर खातं आई सांभाळते आणि मंडळाची वेबसाइट मी. साकीनाक्याच्या ऑफिसात दिवसभर तेच करते, मग घरच्या कामाला नाही कसं म्हणणार? आईने फर्मान काढलं, कुठलंही पान उघडलं तरी वर एक स्थळ दिसलं पाहिजे.

सुविचार दाखवणारी एक तयार स्क्रिप्ट मला फुकट मिळाली होती. सर्व्हरवर बसून ती यादीतली एक ओळ उचलायची आणि उघडलेल्या पानात चिकटवायची. मी सुविचार काढून फोटोसकट स्थळं भरली. मथळा बदलायचा मात्र राहिला. दोन दिवस सगळा गाव वाचत होता, 'आजचा सुविचार : वय बत्तीस, उंची पाच फूट चार, बोरिवलीत वन बीएचके.' अध्यक्ष म्हणाले, इतक्या वर्षांत हा एकच सुविचार पटला.

एक बदल मी मुद्दाम केला. आईने यादीत माझंही नाव घातलं होतं. माझं वय छत्तीस, लग्नाची इच्छा शून्य. स्क्रिप्टमध्ये गुपचूप एक ओळ टाकली : हिला सोडून कोणीही.

मग आई चहा घेऊन, आपली मुलगी कधी दिसते म्हणून, मोबाइलवर पान पुन्हापुन्हा उघडत बसू लागली.

"सगळ्यांची चेडवां दिसतत, माजाच कशाक दिसना नाय गो?"

"लागेल गं नंबर. मशीन आहे ते."

आठवडाभराने तिने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीन सगळ्यांची चेडवां दाखयल्यान, माजाच डावलल्यान. तिका बुद्धी दी रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला मागून होकार द्यावा लागतो, आणि घरात आम्ही दोघीच. "व्हय म्हाराजा," मी म्हटलं, स्वतःच्याच कोडविरुद्ध. मला भयंकर लाज वाटली. आत जाऊन ती ओळ काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओरडली, "इला, इला, माजा चेडू इला!" माझा फोटो तिने बराच वेळ पाहिला. आता आपली सुटका नाही, असं मला वाटलं.

"आता काढून टाक," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लगीन नको तर नको. पण सगळ्यांका घेवन तुकाच वगळल्यान, ता माका सोसना नाय."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं आणि तीच ओळ पुन्हा टाकली.