आखाजीला आगारीच्या आधी

माझी साखर चढते, सुनेची पडते. घर एक, स्वयंपाक एक, तोंडं दोन तऱ्हेची. बायको होती तोवर तिनं ते सांभाळलं. मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी, गोडाला हात लावला की खेकसायची. सून लग्नाआधीपासून इन्सुलिनची सुई घेते. तिला सुईमागोमाग जेवण, अकराला खजूर नाहीतर मूठभर फुटाणे. मला ते थेर वाटायचे. खजुराची वाटी माझ्या नाकासमोरून जायची म्हणून जास्तच.

बायको माघात गेली. तिच्या माघारी पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. तिच्या नावानं घागर पुजायची, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य करायचा आणि गोवरीच्या विस्तवावर त्यातल्या घासाची आगारी टाकायची, म्हणजे तिला तो पोचतो. त्याआधी घरात कोणी खायचं नाही. नियम माझ्या बापाचा. मी तो कडक चालवला.

मुलगा पूजा सांगणाऱ्या महाराजांना आणायला गेला, ते दुसऱ्या गावात अडकलेले. बारा वाजले. सून पुरण भरता भरता थांबली आणि नुसती पोळपाटाकडे बघत राहिली. कपाळावर घाम. गॅसपाशी घाम येतोच म्हणावं, तर हातही थरथरत होते.

"सुई घेतली का सकाळी?" मी विचारलं.

"घेतली आबा."

"आणि खाल्लं काय?"

"आगारी व्हऊ द्या ना. तुम्ही रागवतस."

मी नैवेद्याच्या ताटातली आमरसाची वाटी उचलली आणि तिच्या तोंडाला लावली. पारोळ्याहून आलेली माझी मोठी बहीण ओरडली, "भाऊ, काय करी ऱ्हायना? निवद उष्टा कया ना!"

"मरेलले घाई नही शे, अक्का. इले शे."

"तुले आज मोठं ग्यान उनं!"

वाटी संपली. थोड्या वेळानं घाम सुकला, मग मी तिच्या हातात पोळी दिली. खाली मान घालून खाता खाता ती म्हणाली, "आई दर आखाजीले माले सकायमाच पोळी देत. मागना दारे. तुम्हाले सांगू नको म्हनेत."

इतकी वर्षं मी ओट्यावर बसून सगळ्यांना उपाशी ठेवतोय असं समजत होतो.

महाराज आले. वाटी धुऊन पुन्हा भरली. मुलानं घागर पुजली, मी आगारी टाकली. मनात बायकोला म्हटलं, मला सांगायचं होतंस. मग म्हटलं, नाही सांगितलंस तेच बरं केलंस. मी ऐकलं नसतं.